दुपट्ट्याखालचा गोठा

डिगूकाका आमच्या आईकडून पावशेर वांगी घ्यायचे, तीसुद्धा दुपट्ट्याखाली हात घालून.

सकाळी आई दारात टोपली मांडून बसायची. समोरच्या घरातून डिगूकाका यायचे, खांद्यावरचा दुपट्टा काढून उजव्या हातावर पसरायचे आणि तो झाकलेला हात आईपुढे धरून आभाळाकडं बघत उभे राहायचे. भाव तोंडानं बोलायचा नाही, दुपट्ट्याखाली बोटं धरून ठरवायचा, हा त्यांचा नेम. आता आई काही त्यांच्या हातात हात देणार नव्हती. ती दुपट्ट्याखाली एक वांगं सरकवायची.

"वांगे घ्याचे हायेत का बैल, भावजी?"

"वैनी, तोंड खोटं बोलते. बोट नाई बोलत."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग ते वांगं चाचपायचे, देठ वाकवून बघायचे आणि आई म्हणेल त्या भावात घेऊन जायचे. बाजारात ज्यांच्या बोटांना माणसं घाबरायची, त्यांना वांग्याचा भाव जन्मात करता आला नाही.

डिगूकाका बैलांचे दलाल. आदिलाबादपासून भैंसापर्यंत आणि पैनगंगेपलीकडच्या बाजारांतही त्यांचा दुपट्टा ओळखीचा होता. बैलाचा भाव कोणी ओरडून सांगत नाही. दोघं दुपट्ट्याखाली हातात हात घेतात. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. ते शंभर की हजार, हे समोरच्यानं बैलाकडं बघून समजून घ्यायचं. वर पावसापाण्याच्या गप्पा चाललेल्या, खाली बोटांची मारामारी, आणि बाजूला उभ्या असलेल्याला कशाचा पत्ता नाही.

दुसरा नेम दाव्याचा. बैल विकला तरी त्याचं दावं विकायचं नाही. बैल नव्या मालकाच्या दाव्यानं जातो आणि जुनं घरीच राहतं. नाहीतर गोठ्याची बरकत बैलामागं चालत निघून जाते, असं काका सांगायचे. त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर खिळ्यांची एक रांग होती आणि प्रत्येक खिळ्यावर त्यांच्या घरून गेलेल्या एकेका बैलाचं दावं. एकच खिळा रिकामा होता. शाळेत असताना एकदा मी त्याला दप्तर अडकवलं. काकांनी ते काढून माझ्या हातात दिलं.

"थो खिळा कामात हाय," ते म्हणाले.

मी बघितलं. खिळ्यावर काहीच नव्हतं. पण काकांच्या बऱ्याच गोष्टी अशाच असायच्या, म्हणून मी विचारलं नाही.

आमची आणि त्यांची जवळीक झाली ती कागदांमुळं. आमच्याकडं ओढ्याकाठी दीड एकर, त्यात वांगी, मेथी, मिरची. टिनाच्या दोन खोल्या. गाव मराठी बोलणारं, पण तेलंगणातलं. घरी तहसीलचा कागद आला, लाईटचं बिल आलं, की ते तेलुगूत. बापाला तेलुगू बोलता यायचं, वाचता मराठीसुद्धा यायचं नाही. तो कागद खिशात घालून गावभर वाचणारा शोधत फिरायचा. वाचणारा आधी विचारायचा, "वांगे आनले का?" मग वाचायचा. मी सातवीनंतर तेलुगू शाळेत गेले आणि पहिल्यांदा घरातला कागद घरातच वाचला गेला. त्या दिवशी बाप ओसरीवर पाय पसरून बसला होता, जसा काही हुजूरच. दुसऱ्या दिवशी डिगूकाका स्वतःचे सगळे कागद पिशवीत भरून आमच्या दारात हजर. पुढं मी आदिलाबादच्या डिग्री कॉलेजात जायला लागले तशी त्यांनी माझं नावच बदलून टाकलं. "ए डिग्री!" अशी हाक आली की आमच्या गल्लीतली कोंबडीसुद्धा समजायची, कोणाला बोलावलंय ते. मला ते नाव आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मी डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्याकडं 'नंदीघर' आलं.

तोवर काकांचा धंदा बसला होता. शेतात ट्रॅक्टर फिरायला लागले, बाजार अर्ध्यावर आला आणि काकांचा दुपट्टा नुसताच खांद्यावर राहिला. नंदीघर हे फोनमधलं अॅप. हैदराबादच्या कोणा कंपनीनं बरीच वर्षं गावोगावच्या बाजारांत माणसं पाठवून बैलांचे फोटो काढले होते. प्रत्येक फोटोला एक नंबर आणि प्रत्येक नंबराला एकच मालक. पैसे भरून फोटो घेतला की खाली तुमचं नाव येणार. रोज बटण दाबून त्याला चारा घालायचा, वाटलं तर दुसऱ्याशी अदलाबदल करायची, नाहीतर विकायचा. बैल दिसणार, पण शेण काढावं लागणार नाही. आमच्या गावात ते आणलं झेरॉक्सवाल्या संतोषनं. शिंप्यानं घेतलं, शाळेच्या सरांनी घेतलं, कापसाच्या जिनिंगवरच्या काटेवाल्यानं घेतलं. सर त्याला 'गुंतवणूक' म्हणायचे.

पुतण्यानं दिलेला मोठा फोन घेऊन काका माझ्याकडं आले.

"ए डिग्री, ते बैलाचं माह्या फोनमधी टाक."

मी टाकलं. नव्या माणसाला कंपनी एक बैल फुकट द्यायची. पडद्यावर फुलं उधळली आणि एक तांबडा बैल उभा राहिला. काकांनी चष्मा लावला.

"तोंड उघडाले सांग त्याले."

"काका, फोटो हाय थो."

"फोटोतल्या बैलाले दात नसते काय? दात पाह्यल्याबिगर बैल घेतला काऊन तुनं?"

"म्या नाई घेतला. फुकट भेटला."

"मंग झालं! फुकट देला म्हंजे म्हाताराच देला."

तिथून सुरुवात झाली. अॅपवाल्यांनी बैलांना चांदण्या दिल्या होत्या. पाच चांदण्यांच्या बैलाभोवती सोनेरी चौकट आणि वर लिहिलेलं, 'अतिदुर्मिळ'. काका चौकटीकडं बघायचेच नाहीत. फोटो बोटांनी ताणून ताणून ते अंगावरचे केसांचे भोवरे बघायचे. आमच्याकडं बैल घेताना भोवरा बघतात, चुकीच्या जागी असला तर बैल कितीही देखणा असो, घेत नाहीत.

"याच्या पाठीले भोवरा हाय. सोन्याची चौकट लावली म्हून काय झालं? हा मालकाले सुखानं बसू देत नाई."

"काका, थो फोनमधी हाय. त्याचा मालक हैदराबादले बसला हाय."

"मंग त्याच्याच घरी भांडन लागन."

गंमत अशी की लोक त्यांचं ऐकायला लागले. काकांनी नाक मुरडलं की तो बैल आमच्या गावात कोणी हातात धरेना. काकांनी "खांदा भरला हाय" म्हटलं की संध्याकाळपर्यंत त्याला चार गिऱ्हाइकं. किती वर्षांनी त्यांच्या ओसरीवर चपलांचा ढीग दिसायला लागला. अदलाबदलीसाठी अॅपमध्ये चांगलं मोठं हिरवं बटण होतं. पण ते दाबण्याआधी दोघांनी समोरासमोर बसून फोन बाजूला ठेवायचे आणि काकांच्या दुपट्ट्याखाली हात घालायचे.

"बटन मंग. आधी हात."

शिंपी एकदा चिडला. "काका, मी इकडं बसलो, माह्या समोर माहाच भाचा हाय. मले तोंडानं इचारू द्या ना त्याले!"

"भाचा हाय म्हूनच. तोंडानं बोलला तं खोटं बोलन."

सौदा झाला की काका सुतळीचा एक तुकडा कापून भिंतीवरच्या खिळ्यावर टांगायचे. बैल फोनमधला असला म्हणून काय झालं? दावं घरी राह्यलं पाह्यजे. खऱ्या दाव्यांच्या बाजूला त्या सुतळ्या लोंबायला लागल्या. खिळे कमी पडले, एकेका खिळ्यावर तीन तीन झाल्या. तो रिकामा खिळा मात्र रिकामाच.

संतोषनं दुकानाबाहेर पाटी लावली, 'येथे सर्व जातीचे बैल मिळतील.' ती वाचून उटनूरकडचा एक माणूस खरोखर दोर घेऊन आला आणि दुकानाच्या मागं जाऊन गोठा शोधत राहिला. त्याला चहा पाजून परत पाठवावं लागलं.

मी तिसऱ्या वर्षाला गेले आणि पोळा आला.

पोळ्याला गावाच्या वेशीत तोरण बांधतात आणि त्याखाली बैल सजवून उभे करतात. काका सजवलेला फोन घेऊन आले. फोनला गेरूचे ठिपके, वर झेंडूचं फूल, पाठीवर काकांनी जुन्या झुलीचा तुकडा कापून शिवलेली झूल. तोरणाखाली ते फोन दोन्ही हातांत धरून रांगेत उभे राहिले. एकीकडं रामराव पाटलांची खरी जोडी, दुसरीकडं काका.

"डिगूभाऊ, रांगेतून सरका," पाटील म्हणाले. "इथं बैल लागते."

"तेहतीस बैल हायेत यात. मोजून घ्या."

"फोन हाय थो!"

"अन् थो काय हाय?" काकांनी रांगेच्या टोकाला बोट दाखवलं. तिथं पाटलांच्याच मुलाचा ट्रॅक्टर उभा होता, हार घातलेला, बॉनेटवर हळदकुंकू. "त्याले शिंगं हायेत काय? ट्रॅक्टर चालते तं फोन काऊन नाई?"

पाटील ट्रॅक्टरकडं बघत राहिले. माझा बाप हसून हसून खाली बसला. फोन रांगेत राहिला. पूजा झाली, काकांनी पुरणपोळीचा घास पडद्याला लावला आणि त्या तुपाच्या बोटानं कोणतं तरी बटण दाबलं गेलं. तेहतिसातले दोन बैल भर पोळ्यात विकले गेले. घेणारा बोधनचा. त्याला आम्ही कधी बघितला नाही. काकांनी घरी जाऊन मुकाट्यानं दोन सुतळ्या टांगल्या, पण मग ते माझ्याशी बोलले नाहीत, जसं काही तूप मीच लावलं होतं.

बोलले ते एकदम पंधरवड्यानं. दुपारी दारात आले, खांद्यावर दुपट्टा नाही. मी त्यांना दुपट्ट्याशिवाय पहिल्यांदा बघत होते.

"ए डिग्री. हे पाह्य."

पडद्यावर पांढरा बैल. कानाची टोकं काळी, डाव्या कानाला चिरा. फोटो लहान, आणि मानेवरून कंपनीच्या नावाचा पांढरा शिक्का आडवा मारलेला.

"हरण्या?" मी म्हटलं.

हरण्या मला आठवत होता. मी सातवीत असताना तो माझ्या वेण्या चाटायचा. काकांची बायको, आमच्या काशीकाकी, वारल्या त्याच वर्षी त्याचा जोडीदार रोगानं मेला. एकट्या बैलाचं काय करायचं म्हणून काकांनी त्याला पैनगंगेपलीकडं विकला. पुढं दोन वर्षांनी ते त्याला बघायला गेले, तर त्या माणसानं भैंसाच्या बाजारात विकून टाकलेला. त्यापुढं पत्ता लागला नाही. आणि कुठल्या तरी बाजारात कंपनीच्या माणसानं त्याचा फोटो काढलेला.

"मले हा पाह्यजे," काका म्हणाले.

"काका, थो आता जिता असन का?"

"एवढे साल झाले, कुठचा जिता? मले फोटोच पाह्यजे. मोठा, साफ, शिक्क्याबिगर."

अॅपचा नियमच तसा होता. बैल तुमचा नसेल तर फोटो लहान आणि शिक्क्यासकट. मालकालाच साफ फोटो दिसायचा आणि फोनमध्ये उतरवून घेता यायचा. हरण्याचा मालक हैदराबादचा, अॅपमधलं नाव 'किंगबुल'. मी त्याला निरोप लिहिला. उत्तर लगेच आलं, दहा बैल द्या, घेऊन जा. मी खुशीत काकांना सांगितलं.

"नाई. लिहून भाव होत नाई. त्याले म्हना, हात दे."

मी बी.कॉम.ची विद्यार्थिनी. जसं सांगितलं तसं इंग्रजीत लिहिलं, की आमच्या काकांना तुमचा हात धरायचा आहे. त्यावर दोन दिवस उत्तर आलं नाही.

मग मी दुपट्ट्याची सगळी हकीकत लिहिली. तेव्हा त्या माणसाला हसू आलं असावं. त्यानं लिहिलं, माझं नाव किरण, महिन्याच्या शेवटी आम्ही बासरला येतोय, मुलीचा अक्षराभ्यास आहे, तिथं भेटा. बासरला सरस्वतीपुढं लहान मुलांकडून पहिलं अक्षर गिरवून घेतात, त्यासाठी कुठून कुठून माणसं येतात. काकांनी धोतराला इस्त्री केली आणि आम्ही दोन बस बदलून गेलो.

किरण देवळाबाहेर उभा होता, रेशमी धोतरात, दोन्ही हातांनी ते सांभाळत. बायको हसत होती. चार वर्षांची मुलगी पाटी छातीशी धरून, गालाला तांदळाचे दाणे चिकटलेले.

"अंकल, ऐसेच ले लो," किरण म्हणाला. "सुना है कंपनी बंद होरी. मेरेकू बैल का क्या करना है?"

काकांनी दुपट्टा पसरला. "फुकट का बैल दारात खडा नहीं रहता, साहेब. हात दो."

किरणनं एक हात धोतरावर ठेवून दुसरा दुपट्ट्याखाली घातला. काका आभाळाकडं बघायला लागले.

"ये दस. अब तुम मेरा बोट दाबो. मतलब जादा मांगो."

"पर मेरेकू जादा होनाच नहीं, अंकल."

"मांगो!"

किरणनं घाबरून बोट दाबलं. काकांचे डोळे चमकले. "पंधरा? बहोत होता है." मग त्यालाच शिकवून त्याच्याशीच भांडायला लागले. तो बिचारा सोडतो म्हणाला की हे त्याची बोटं घट्ट धरायचे. शेवटी मुलीला राहवेना. तिनंही आपला हात दुपट्ट्याखाली घुसवला. काकांनी आभाळावरची नजर खाली आणली. मग हसले.

"पंजा धरला! बापापेक्षा पक्की हाय पोरगी. पुरे. सारा गोठा दिला. एकतीस."

मी त्यांचा पाय दाबला. "काका, थो फुकट देऊन राह्यला ना!"

"तू गप. हात झाला."

एकतीस बैलांवर एक. किरणच्या बायकोनं आम्हाला प्रसादाचे लाडू दिले आणि परतीच्या बसमध्ये मी ते एकटीनं खाल्ले, कारण मी काकांवर रागावले होते.

गावात बातमी आमच्या आधी पोचली. हॉटेलावर संतोष म्हणाला, "काका, माह्या घरी एक बोकड हाय. तुमचं घर देता काय त्याच्यावर?" शाळेच्या सरांनी गंभीरपणे सांगितलं की याला गुंतवणूक म्हणत नाहीत. काका चहा फुंकत राहिले. पण अॅपमध्ये हरण्या अजून आला नव्हता. त्याच्या नंबरापुढं लिहिलेलं, 'प्रक्रियेत'. आज प्रक्रियेत, उद्याही प्रक्रियेत. काका रोज सकाळी वांग्यांच्या आधी फोन पुढं करायचे.

"आला का?"

"नाई, काका."

आठव्या दिवशी त्याऐवजी नोटीस आली. कंपनी सगळ्यांचे आभार मानत होती आणि येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता नंदीघर बंद होत होतं. त्यानंतर कोणताही फोटो दिसणार नाही.

संतोषची पाटी त्याच दिवशी गायब झाली. शिंप्याची बायको त्याच्याशी बोलेना. सरांनी शाळेला जायचा रस्ता बदलला, हॉटेल नको म्हणून तलावाकडून वळसा घालून जायला लागले. कोणाचे पंधरा बैल गेले, कोणाचे चाळीस. आता काकांना हसणारा कोणी उरला नव्हता, उलट काटेवाला म्हणाला, "काका हुशार निघाले. आमचे येवढे मेले, त्यायचा एकच."

"माहा मेला नाई अजून," काका म्हणाले. "यायचाच हाय."

ते शुक्रवारभर ओसरीवर बसून राहिले. फोन हातात, हातावर दुपट्टा. दुरून बघणाऱ्याला वाटावं, दुपट्ट्याखाली समोरच्याचा हात आहे आणि समोरचा भाव सोडत नाही. मी कंपनीला चार वेळा लिहिलं. किरणनंही लिहिलं असं त्यानं कळवलं.

शनिवारी सकाळी दहाला हरण्या आला. खाली नाव, डिगांबर. काकांनी फोन माझ्यापुढं धरला. मी फोटो उतरवायला लावला. अर्ध्यावर तुटला. आमच्या गावात टॉवरची एक काडी येते, तीही आपल्या मर्जीनं. परत लावला, परत तुटला. तिसऱ्यांदा तुटला तेव्हा मी चप्पल घातली.

"चला काका. कॉलेजले."

शनिवारी कॉलेज दुपारीच सुटतं. आम्ही पोचलो तेव्हा कॉम्प्युटर लॅबचे सर कुलूप हातात घेऊन उभे होते. मी तेलुगूत विनवलं. ते माझ्याकडं बघत होते आणि मी मागं बघत होते, कारण काका आलेच नव्हते. ते फाटकाबाहेर चपला काढत होते.

"चपला घाला, काका. कॉलेज हाय हे, देऊळ नाई."

"तूच म्हनतं ना, कॉलेज हाय म्हून," ते म्हणाले आणि अनवाणीच आत आले. सरांनी ते बघितलं आणि कुलूप खिशात ठेवलं.

घड्याळात साडेतीन. फोटो उतरताना पडद्यावरची निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. मग हरण्या त्या मोठ्या पडद्यावर उभा राहिला, शिक्क्याशिवाय. इतका साफ की पापणीचे केस मोजावे. मला वाटलं, काका आता दात बघतील, भोवरा बघतील. त्यांनी तोंडाकडं बघितलंच नाही.

"खाली घे. मानीपाशी."

मी फोटो खाली घेतला. मोठा केला. जिथं आधी शिक्का होता तिथं दावं होतं. साधं सुतळीचं नाही. हिरव्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून वळलेलं, मध्ये मध्ये पिवळा काठ, आणि कानाखाली घट्ट, जाड गाठ.

काकांनी पडद्यावर बोट ठेवलं. लॅबमध्ये पडद्याला हात लावायची मनाई आहे. सरांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढं सरकवली.

"तुह्या काकीनं वळलं होतं हे. आखरीच्या पोळ्याले. सोताच्या लुगड्याचं."

मग थांबून थांबून त्यांनी सांगितलं. विकायच्या दिवशी घेणाऱ्यानं हरण्याला स्वतःचं नवं दावं लावलं, तर हरण्या दारातून पाऊल उचलेना. ओढला, ढकलला, नाही. काकीचं दावं परत बांधलं तसा चालायला लागला. चाळीस वर्षं दुनियेला दावं घरी ठेवायला लावणाऱ्या माणसानं स्वतःच्या बैलाचं दावं तेवढं जाऊ दिलं.

"बैल गेला त्याचं काई नाई, बाई. बैल जातेच. दावं द्याले नोतं पाह्यजे. तिच्या हातचं घरात काई नाई राह्यलं. फोटो बी नाई तिचा. राशन कार्डावर होता नखायेवढा, थो बी पान्यानं गेला."

त्यांनी मला पहिल्यांदाच 'डिग्री' सोडून 'बाई' म्हटलं होतं. मी तोंड फिरवून सरांकडं पेनड्राइव्ह मागितला.

बाजारातल्या फोटो स्टुडिओत आम्ही गेलो. स्टुडिओवाल्यानं फोटो उघडला आणि म्हणाला, "चौकटीत पूरा बैल नाई बसत, काका. शिंगं कापावी लागन."

"बैल कापला तरी चालन," डिगूकाका म्हणाले. "दावं नीट येऊ द्या."

त्यानं भाव सांगितला. मी सवयीनं काकांच्या खांद्याकडं बघितलं. दुपट्टा तिथंच होता. त्यांनी तो काढला नाही. "बरं," म्हणाले, तोंडानं.

पाच वाजता नंदीघर बंद झालं तेव्हा आम्ही बसस्टँडवर होतो, फोटो कागदात गुंडाळून काकांच्या मांडीवर. त्यांनी फोन उघडून बघितला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी बी.कॉम. पास झाले. आमच्या घरातली पहिली. आणि डिगूकाकांच्या भिंतीवरचा तो खिळा त्या शनिवारीच भरला होता, दाव्याच्या फोटोनं.